मृतांची आठवण आणि आमचें गाणें
(धर्मग्रामाच्या महोत्सवप्रसंगीं दिलेलें व्याख्यान)



महोत्सवाचा प्रसंग आनंदाचा असतो. मांडव घातला आहे, वेदी फुलांनीं सजली आहे, मुलांनीं नवीं गीतें बसविलीं आहेत. आणि अशा वेळीं आम्ही शोकाच्या गीतांविषयीं बोलावयास उभे राहिलों आहों, हें पाहून कित्येकांस नवल वाटेल. मंगल प्रसंगीं मृताचें नांव काढूं नये, अशी समजूत आपल्याकडे आहेच. परंतु आमच्या शेजारच्या हिंदु घरांतही लग्नापूर्वीं नांदीश्राद्ध करून पितरांचें स्मरण करितात, आणि मगच मंगलकार्यास हात घालितात. मंगल आणि मरण हीं एकमेकांस इतकीं परकीं नाहींत, हें या भूमीस फार पूर्वींपासून ठाऊक आहे.

शिवाय महोत्सव हा शब्द ज्या मूळ विधीपासून आमच्याकडे आला, तो लेवीय ग्रंथाच्या पंचविसाव्या अध्यायांत सांगितलेला आहे. पन्नासाव्या वर्षीं शिंग फुंकावें, आणि जो तो आपल्या वतनाकडे व आपल्या कुळाकडे परत जावा, अशी देवाची आज्ञा होती. म्हणजे महोत्सव हा परतून येण्याचा सण होय. आणि जेथें परतून येणाऱ्यांची मोजणी होते, तेथें कोण आलें नाहीं, ही मोजणीही आपोआप होतेच. ज्यांनीं या धर्मग्रामाच्या भिंती उभारल्या, ज्यांनीं डोक्यावर पाणी वाहून माती मळली, ज्यांनीं पहिल्या रात्रीं कंदिलाच्या उजेडांत मंत्र पाठ केले, त्यांतील बहुतेक आज कबरस्थानांत निजले आहेत. बाप्तिस्म्याच्या नोंदवहीजवळच मृतांची नोंदवही असते. महोत्सवांत एकच वही उघडून कसें चालेल?

तेव्हां आजचा आमचा प्रश्न असा आहे: मेलेल्या माणसासाठीं आपण काय गातों, काय गाइलें पाहिजे, आणि तें गाणें आपल्या घरांतून नाहींसें होत असेल तर त्यांत आपलें काय जातें?

मृत्यूपुढें उभें राहिलेल्या मनांत तीन भाव असतात. एक शोक, दुसरें भय आणि तिसरी ओढ. शोक म्हणजे गेलेल्याकडे पाहून रडणें. भय म्हणजे स्वतःकडे पाहून कांपणें. ओढ म्हणजे पुन्हा भेट व्हावी म्हणून झुरणें. हे तिन्ही भाव एकमेकांत इतके मिसळलेले असतात, कीं दुःखांत बुडालेल्या माणसास ते वेगळे करितां येत नाहींत. गाणें तें काम करितें. गाण्यास एकामागून एक चरण असतात. म्हणून जें दुःख एकदम अंगावर कोसळतें, तें गाण्यांत ओळीनें येऊं लागतें, आणि ओळीनें आलेलें दुःख माणसास सोसतां येतें. आमच्या बायका हेल काढून रडतात, त्यांस पुष्कळ सुशिक्षित लोक हंसतात. परंतु हेल म्हणजे तरी काय? रडण्यास लाविलेला सूर. ज्या क्षणीं रडण्यास सूर लागला, त्या क्षणीं तें दुःख एकट्याचें न राहतां ऐकणाऱ्या सर्वांचें झालें.

या बाबतींत आपला परभणी जिल्हा कांहीं दरिद्री नाहीं. गोदावरीच्या कांठीं असलेलें गंगाखेड हें संत जनाबाईचें गांव. परंपरा असें सांगते कीं, लहानपणींच ती आईबापांस अंतरली आणि पंढरपुरीं नामदेवांच्या घरीं दासी म्हणून वाढली. तिच्या नांवावर तीनशेंहून अधिक अभंग सांगितले जातात, आणि त्यांत पुनःपुन्हा दिसतें तें हें कीं, ती देवास राजा किंवा न्यायाधीश म्हणून हांक मारीत नाहीं. आई म्हणून हांक मारिते. पोरक्या मुलीनें मेलेल्या आईची ओढ देवाच्या ठायीं नेऊन ठेविली. जात्यावर दळण दळतांना जो देव तिच्या बरोबर खुंट्यास हात लावितो, त्याच्याशीं ती मोकळेपणीं भांडते, रुसते, रडते. धर्मदृष्ट्या आमचा मार्ग तिच्याहून निराळा असला, तरी पोरकेपणाचें देवाशीं बोलणें कसें असतें, हें आमच्याच मातीच्या मुलीनें दाखविलें आहे, याची जाणीव आम्हांस असावी.

दुसरें उदाहरण नामदेवांचें. त्यांचें जन्मगांव म्हणून सांगितलें जाणारें नरसी आज हिंगोली जिल्ह्यांत आहे. परंतु तो जिल्हा १९९९ सालीं वेगळा होईपर्यंत नरसी परभणी जिल्ह्यांतच मोडत होतें. १२९६ सालीं आळंदीस ज्ञानेश्वरांनीं समाधि घेतली, त्या प्रसंगावर नामदेवांच्या नांवें असलेली अभंगमालिका मराठींतील सर्वांत मोठें शोकगीत म्हणावयास हरकत नाहीं. त्यांत एक गोष्ट विशेष ध्यानांत घेण्यासारखी आहे. ज्ञानेश्वरांचे वडील बंधु निवृत्तिनाथ हे त्यांचे गुरु. आत्म्याच्या अमरत्वाचें ज्ञान ज्यांनीं धाकट्या भावास दिलें, ते हे. पण समाधीच्या वेळीं त्यांचाच धीर सुटला, आणि कोणी समजूत घातली तरी मन राहीना, असें कवि सांगतो. जाणत्याच्या डोळ्यांस पाणी आलें म्हणून त्याचें ज्ञान खोटें ठरलें नाहीं. शोक हा अज्ञानाचा पुरावा नसून प्रेमाचा पुरावा आहे, हें नामदेवांनीं सातशें वर्षांपूर्वीं गाऊन ठेविलें.

तिसरें उदाहरण चोखोबांचें. मंगळवेढ्यास गांवकुसाचें काम चालूं असतां भिंत कोसळून चोखामेळा व इतर मजूर दडपून मेले. हें १३३८ सालीं घडलें असें मानितात. नामदेव त्यांचे अवशेष आणावयास गेले. हाडांच्या ढिगाऱ्यांत चोखोबांचीं हाडें कोणतीं, हें कसें ओळखावें? कथा अशी आहे कीं, ज्या हाडांतून देवाचें नाम ऐकूं आलें, तीं त्यांनीं उचललीं आणि पंढरपुरीं महाद्वारासमोर समाधि दिली. या कथेचा अर्थ आम्हांस असा वाटतो, कीं मजुराचें मरण निनांवी असतें. गाण्यानें त्यास नांव परत मिळतें. ज्याच्यासाठीं कोणी गाइलें, तो ढिगाऱ्यांतला एक राहत नाहीं.

हीं झालीं संतांचीं उदाहरणें. परंतु ज्यांचीं नांवें कोणत्याही पोथींत नाहींत अशा बायांनीं गाइलेल्या ओव्या हा आमच्या विषयाचा मुख्य साठा होय. पूर्वीं प्रत्येक घरीं पहांटेच्या अंधारांत जातें फिरत असे. सासू निजलेली, पुरुष निजलेले, लेकरें निजलेलीं. अशा वेळीं दोन दगडांच्या घरघरींत बाई काय गाते, हें ऐकणारें कोणी नसे. म्हणून जें दिवसा बोलतां येत नाहीं, तें ती जात्यास सांगे. या ओव्यांत आईच्या मरणाचा शोक आहे. आई गेली म्हणजे माहेर संपलें, दार तेंच पण आंतून हांक मारणारें कोणी नाहीं, असा तो शोक. त्यांत भय आहे. तें बहुधा नरकाचें नसून वैधव्याचें आहे, आणि म्हणून अहेवपणीं मरण यावें अशी मागणीही आहे. त्यांत जीव आणि कुडी यांचा संवाद आहे. जीव निघाला, आणि कुडी त्यास विचारिते कीं इतक्या वर्षांची सोबत एका क्षणांत कशी विसरलास.

साने गुरुजींनीं अशा ओव्या गोळा करून ‘स्त्रीजीवन’ या नांवानें प्रसिद्ध केल्या, हें पुष्कळांस ठाऊक असेल. त्यानंतर पुण्याच्या हेमा राईरकर आणि मूळचे फ्रान्सचे गी पॉइटवां यांनीं सहकाऱ्यांसह हजाराहून अधिक खेडीं पालथीं घालून एक लाखाहून अधिक ओव्या जमविल्या, आणि तो संग्रह आतां ‘पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया’ या संस्थेनें सर्वांस खुला केला आहे. त्यांत आपल्या जिल्ह्यांतील ताडकळसच्या गंगूबाई आंबोरे यांचा आवाज १९९६ सालीं नोंदविलेला आहे. वनवासांत एकटी रडणारी सीता, आणि तिची समजूत घालणाऱ्या मायबहिणी होऊन उभ्या राहिलेल्या रानांतल्या कांटेरी बोरीबाभळी, असें चित्र त्या आपल्या ओवींत उभें करितात. मराठवाड्याचें उजाड शिवार ज्यानें पाहिलें आहे, त्यास ही कल्पना कोठून आली हें सांगावें लागत नाहीं. ज्या रानांत सांवली देणारें झाड नाहीं, तेथें कांटेरी झाडही सोबतीण होतें. सांत्वन नेहमीं मऊ हातांनींच येतें असें नाहीं.

आमच्या मुसलमान शेजाऱ्यांकडेही पाहावें. ६८० सालीं करबलेच्या मैदानांत झालेल्या हौतात्म्याचा शोक ते आजही मोहरमांत मर्सिया व नौहा गाऊन करितात. तेराशें वर्षांहून जुनें दुःख आजही ताजें राहिलें, तें केवळ ग्रंथांत लिहून ठेविल्यानें नव्हे. तें वर्षाच्या ठराविक दिवशीं सर्वांनीं मिळून गाइल्यानें.

आतां आपण आपल्या पवित्र ख्रिस्तसभेकडे वळूं. येथें एक आक्षेप उभा राहतो, आणि तो टाळून पुढें जाणें प्रामाणिकपणाचें होणार नाहीं. पुनरुत्थानावर ज्यांचा विश्वास आहे त्यांनीं हेल काढून रडावें काय? आशा नसलेल्या लोकांप्रमाणें तुम्ही खेद करूं नये, असें संत पौलानें थेस्सलनीकाकरांस बजाविलें आहे. जाईराच्या घरीं आकांत करणाऱ्या लोकांस प्रभूनें बाहेर काढिलें. सुवर्णमुख म्हणून प्रसिद्ध असलेल्या संत योहान क्रिसोस्तोमानें भाडोत्री रडणाऱ्या बायकांचा कडक शब्दांत निषेध केला. ४०४ सालीं बेथलेहेमांत संत पौला हिचें निधन झालें, तेव्हां तेथें आक्रोश न होतां ग्रीक, लॅटिन व सुरियानी अशा निरनिराळ्या भाषांत स्तोत्रें गाइलीं गेलीं, असें संत जेरोम मोठ्या समाधानानें लिहितो. तेव्हां आमच्या आजीचा हेल आणि जात्यावरची ओवी हीं सोडून देण्यासारखींच आहेत, असें म्हणणारे लोक आमच्यांतही आहेत.

आम्ही त्यांस नम्रपणें विचारितों: संत पौलानें कशाची मनाई केली? खेदाची नव्हे, आशाहीन खेदाची. प्रभूनें जाईराच्या घरांतून कोणास काढिलें? जे एका क्षणीं रडत होते आणि दुसऱ्या क्षणीं हंसूं लागले, त्यांस. कारण त्यांचें रडणें वरवरचें होतें. त्याच प्रभूनें लाजराच्या कबरेपाशीं स्वतः अश्रू ढाळले. आणि तेही केव्हां, तर थोड्याच वेळांत आपण त्यास उठविणार आहों हें ठाऊक असतांना. पुनरुत्थानाची खात्री असूनही रडतां येतें, याहून मोठा पुरावा कोणता पाहिजे? आणि बेथलेहेमांत आक्रोशाच्या जागीं जीं स्तोत्रें गाइलीं गेलीं, त्या स्तोत्रसंहितेंत काय आहे? खोल गर्तेतून देवास हांक मारणारें एकशें तिसावें स्तोत्र त्यांत आहे. अश्रूंनीं अंथरूण भिजविणारा मनुष्य त्यांत आहे. ख्रिस्तसभेनें आक्रोश मारून टाकिला नाहीं. त्यास बाप्तिस्मा दिला.

जुन्या करारांत तर याहून स्पष्ट आधार आहे. शौल व योनाथान पडल्यावर दावीद राजानें विलापगीत रचिलें आणि तें यहूदाच्या लोकांस शिकवावें अशी आज्ञा केली. यिर्मया संदेष्ट्याच्या नवव्या अध्यायांत देवाचें वचन स्त्रियांस सांगतें कीं, आपल्या मुलींस विलाप शिकवा, शेजारणीनें शेजारणीस शोकगीत शिकवावें. पाहा, शोक करणें हें शिकण्याचें व शिकविण्याचें काम आहे! आपण मुलींस स्वयंपाक शिकवितों, शाळेंत गणित शिकवितों, धर्मवर्गांत प्रश्नोत्तरें शिकवितों. पण मरणाच्या दारीं काय म्हणावें हें कोणी शिकवीत नाहीं. मग वेळ आली म्हणजे तीं मुलें एक तर मुकीं होतात, नाहीं तर फुटून जातात.

मुकें होण्याचें दुःख संत अगस्तीनानें आपल्या ‘आत्मनिवेदना’च्या नवव्या भागांत लिहून ठेविलें आहे. ३८७ सालीं ओस्तिया बंदरीं त्याची आई संत मोनिका वारली. लहानगा अदेओदात मोठ्यानें रडूं लागला, त्यास सर्वांनीं गप्प केलें. एवोदियानें स्तोत्रांचें पुस्तक हातीं घेऊन गावयास आरंभ केला आणि घरच्या सर्वांनीं त्यास साथ दिली. अगस्तीन मात्र कोरड्या डोळ्यांनीं कबरेपर्यंत गेला व कोरड्या डोळ्यांनीं परत आला. त्यानें स्नान करून पाहिलें. दुःख धुतलें गेलें नाहीं. तो निजला. जागा झाल्यावर त्यास आठवलें तें संत अंब्रोजाचें एक सायंगीत, आणि त्या गीतानें मग बांध फुटला. तो एकांतांत देवापुढें आईसाठीं रडला. पुढें तो वाचकांस म्हणतो कीं, ज्या आईनें माझ्यासाठीं इतकीं वर्षें अश्रू ढाळले, तिच्यासाठीं मी घटकाभर रडलों यांत कोणास पाप दिसलें, तर त्यानें हंसूं नये, माझ्यासाठीं रडावें. एवढा मोठा पंडित, पण त्यास मोकळें करण्यास वाद उपयोगी पडला नाहीं. गीत उपयोगी पडलें.

आमच्याच भाषेंत पाहावयाचें तर, फादर थॉमस स्टीफन्स यांनीं १६१६ सालीं गोव्यांत राचोल येथें छापिलेलें ‘ख्रिस्तपुराण’ डोळ्यांपुढें येतें. सुमारें ११,००० ओव्यांचा हा ग्रंथ. परदेशांतून आलेल्या त्या जेजुइट धर्मगुरूनें तारणाची कथा सांगण्यासाठीं कोणतें वृत्त निवडिलें? जें या देशाच्या श्रोत्यांच्या कानीं बसलेलें होतें तेंच, ओवीचें. तेव्हां ओवी आमच्या मंदिरांत परकी आहे असें जर कोणी म्हणेल, तर त्यास चारशें वर्षांचा हा इतिहास दाखवावा. पुढें अहमदनगरकडे कृष्णाजी रत्नाजी सांगळे यांनीं कीर्तनें रचिलीं, रेव्हरंड नारायण वामन टिळकांनीं अभंग व भजनें लिहिलीं. ते प्रॉटेस्टंट पंथाचे असले, तरी मराठी ख्रिस्ती माणसाच्या गळ्याचें ऋण त्यांच्याकडे आहे, हें आम्हीं उदारपणें मान्य केलें पाहिजे. आणि दुसऱ्या व्हॅटिकन महासभेनें ४ डिसेंबर १९६३ रोजीं उपासनेविषयीं जो दस्तऐवज प्रसिद्ध केला, त्यांत तर दोन गोष्टी स्पष्टच सांगितल्या: लोकांच्या स्वतःच्या संगीतपरंपरेस योग्य मान द्यावा, आणि अंत्यविधींत ख्रिस्ती मरणाचें पुनरुत्थानाशीं असलेलें नातें अधिक उघड व्हावें.

आतां भयाविषयीं दोन शब्द. जुन्या लॅटिन मृतमिस्सेंत न्यायाच्या दिवसाचें जें भयंकर गीत गात असत, तें तेराव्या शतकांतलें, आणि चेलानोच्या थॉमस या फ्रान्सिस्कन साधूचें म्हणून सांगितलें जातें. १९६९–७० च्या सुधारणेंत तें अंत्यविधींतून निघालें. तें योग्यच झालें असें आम्हांस वाटतें, कारण शोकांत बुडालेल्या घरास आधीं आशा द्यावयास पाहिजे. पण गीत निघालें म्हणून भय निघालें काय? आमच्या वस्त्यांकडे पाहा. तेथें न्यायाच्या दिवसाचें भय असो नसो, मृताचें भय मात्र आहे. अकालीं मेलेला मनुष्य परत येतो, घराभोंवतीं फिरतो, कोणाच्या तरी अंगांत शिरतो, अशा समजुतीनें पुष्कळ ख्रिस्ती घरेंसुद्धां अमावास्येस कांपतात; ताईत बांधणाऱ्याकडे चोरून जातात. काल ज्या लेकराच्या तोंडांत घांस भरविला, तेंच आज मेल्यावर भुतासारखें भासावें, याहून मोठी विटंबना कोणती?

येथें आमच्या श्रद्धेचें वेगळेपण प्रकट होतें. मृताचें भय आणि मृतासाठीं भय यांत पुष्कळ अंतर आहे. पहिलें भय दार लावून घेतें. दुसरें भय गुडघे टेकितें. ९९८ सालाच्या सुमारास क्लुनीच्या मठाधिपति संत ओदिलोनें सर्व मृतांसाठीं २ नोव्हेंबर हा दिवस नेमला. त्याच्याही पूर्वीं मक्काबीच्या दुसऱ्या ग्रंथांत यहूदानें रणांत पडलेल्यांसाठीं पापक्षालनाचें अर्पण पाठविलें असें सांगितलें आहे. शुद्धिस्थानांतील आत्म्यांसाठीं आपण प्रार्थना करूं शकतों, याचा अर्थ असा कीं प्रीतीचा हात कबरेपाशीं थांबत नाहीं. जात्यावरची बाई मेलेल्या आईस हांक मारिते, पण त्या हांकेनें आईचें कांहीं व्हावें अशी तिची अपेक्षा नसते. ती हांक वाऱ्यावर जाते. आमची हांक देवामार्फत जाते. म्हणून आमच्यासाठीं मृताचें गाणें हें केवळ मनाचें ओझें उतरविण्याचें साधन नाहीं; तें त्या मृताची केलेली सेवा आहे. ज्याची आपण सेवा करितों, त्यास आपण भीत नाहीं.

हें सर्व आज सांगण्याचें कारण काय? कारण असें कीं हें गाणें आमच्या हातून निसटत आहे. गांवोगांव पिठाच्या गिरण्या आल्या आणि जातें थांबलें. जातें परत यावें असें आम्ही मुळींच म्हणत नाहीं. बायांच्या खांद्यांस विसांवा मिळाला, तें भलेंच झालें. पण जात्याबरोबर ती पहांटेची जागाही गेली, जेथें बाईस कोणाच्या परवानगीवांचून रडतां येत असे. तिच्या बदली दुसरी जागा आम्हीं तिला दिली नाहीं. आतां मयताच्या घरीं ध्वनिवर्धक लावून तयार गाणीं वाजवितात. तीं गाणीं वाईट नसतात. परंतु यंत्र गाऊं लागलें म्हणजे माणसें गप्प बसतात, आणि जो गप्प बसला तो एकटा पडला.

गाणें नसलें तर काय होतें, याचा अनुभव आपण सर्वांनीं २०२० आणि २०२१ या दोन वर्षांत घेतला आहे. त्या महामारीच्या काळांत अंत्ययात्रेस वीसांहून अधिक माणसें नसावींत असा नियम झाला. कित्येक घरांतील माणूस रुग्णालयांत गेला तो पुन्हा दिसलाच नाहीं. मुख पाहणें नाहीं, रात्र जागविणें नाहीं, टाळ नाहीं, स्तोत्र नाहीं. तोंडावर कापड बांधलेल्या चार माणसांनीं घाईनें माती लोटली आणि झालें. त्या घरांतलीं माणसें आजही सांगतात कीं, मरण झालें हें कळतें, पण पटत नाहीं. त्यांच्या दुःखास चाल मिळाली नाहीं, म्हणून तें जागच्या जागीं गोठलें. त्या मृतांचें गाणें आमच्यावर ऋण आहे, आणि महोत्सव हा तर ऋण फेडण्याचाच काळ होय.

तेव्हां आम्ही या धर्मग्रामापुढें तीन सूचना ठेवितों.

पहिली सूचना अशी. मयताच्या घरीं रात्र जागवितांना यंत्र बंद ठेवावें, आणि आरंभीं घरच्या वृद्ध बायांस त्यांच्या हेलानें रडूं द्यावें. कोणीं त्यांस गप्प करूं नये. मग एकशें तिसावें स्तोत्र आपल्या ओवीच्या किंवा अभंगाच्या चालीवर सर्वांनीं म्हणावें. आणि कबरेपाशीं, माती लोटून झाल्यावर, पुनरुत्थानाचें गीत गावें. शोक घरीं, प्रार्थना वाटेवर, आशा कबरेवर. हा क्रम राखिला म्हणजे कोणताही भाव उपाशी राहत नाहीं. आशेचें गीत फार लवकर गाइलें तर रडणाऱ्यास तें तोंडावर हात ठेविल्यासारखें वाटतें. मुळींच गाइलें नाहीं तर आमच्या विश्वासाचा उपयोग काय?

दुसरी सूचना तरुण मुलांमुलींस आहे. तुमच्या हातांत आतां बोलकीं यंत्रें आहेत. आपल्या आजीजवळ, पणजीजवळ बसा. तिला तिच्या ओव्या विचारा, तिच्या आईच्या मरणाच्या ओव्या विचारा. ती प्रथम लाजेल, मग गाईल. तिचा आवाज सांठवून ठेवा, शब्द वहींत उतरून घ्या. ताडकळसच्या एका बाईचा आवाज परक्यांनीं येऊन जपला. आमच्या घरच्या आवाजासाठीं आम्हीं परक्यांची वाट पाहूं नये. त्यांतील कांहीं ओव्या आमच्या श्रद्धेशीं जुळतील, कांहीं जुळणार नाहींत. निवड करण्यास आमचे धर्मगुरु समर्थ आहेत. पण जें जपलेंच नाहीं त्यांतून निवड कशी करणार?

तिसरी सूचना अशी. येत्या २ नोव्हेंबरास मृतांची नोंदवही वेदीपाशीं आणावी, आणि पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत प्रत्येक नांव गाऊन उच्चारावें. वेळ लागेल, लागूं द्या. विशेषतः २०२० आणि २०२१ सालचीं नांवें सावकाश घ्यावींत, आणि प्रत्येक नांवानंतर सर्वांनीं मिळून विश्रांतीची प्रार्थना म्हणावी. चोखोबांचीं हाडें नामानें ओळखूं आलीं. आमच्या मृतांनाही नांवानें हांक मिळूं द्या. त्या दिवशीं ज्यांच्या घरचा माणूस गाण्यावांचून गेला, त्यांनीं पुढें येऊन उभें राहावें, आणि आम्हीं सर्वांनीं त्यांच्या पाठीशीं उभें राहून गावें.

श्रोतेहो, आमचा धर्मग्राम लहान आहे. १९७७ सालीं स्थापन झालेल्या औरंगाबाद धर्मप्रांतांतील हा एक कोंपरा. आमच्याकडे मोठीं मंदिरें नाहींत, संगमरवरी कबरी नाहींत. पावसाळा आला म्हणजे काळी माती उलते, मिसळते, आणि कोठें कोण निजलें आहे हें ओळखणेंही कठीण होतें. लाकडाचा क्रूस वाळवी खाते. अशा ठिकाणीं मृतांची आठवण दगडावर ठेवितां येत नाहीं. ती गळ्यांत ठेवावी लागते. गळाही मरतो, म्हणून एका गळ्यांतून दुसऱ्या गळ्यांत द्यावी लागते. यिर्मयाच्या मुखानें देवानें आयांस सांगितलें तें हेंच.

तेव्हां महोत्सवाच्या या आनंदांत जे परतून आले नाहींत त्यांची जागा रिकामी ठेवूं या, आणि ती गाण्यानें भरूं या. दुःखी मातुश्री पवित्र मरिया, जी क्रूसाखालीं उभी राहिली आणि पळून गेली नाहीं, ती आमच्या रडण्यास धीर देवो. ज्या प्रभूनें मित्राच्या कबरेपाशीं अश्रू ढाळून मग त्यास हांक मारिली, तो आमच्या मृतांसही त्यांच्या नांवानें हांक मारो. आणि त्या दिवशीं ती हांक ऐकून ते जागे होतील, तेव्हां त्यांच्याबरोबर गावयास आमचे गळे तयार असोत.

आमेन.